घसा बरा झाला, डोळ्यांचे काय?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लाल डोळ्यांचा रुग्ण आला की 'डोळे आले' हे निदान ओठांवर तयारच असते. 2023 च्या जुलैत महाराष्ट्रात पसरलेल्या साथीने ही सवय अधिकच दृढ केली. बहुतेक वेळा ते निदान बरोबरही ठरते. परंतु प्रत्येक लाल डोळा म्हणजे साथीचा अभिष्यंद नव्हे, हे आपण सर्वांनी ध्यानी घ्यावे, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा सुजतो, ताप येतो आणि काही दिवसांत उतार पडतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास क्वचित एखाद्या रुग्णास, विशेषतः मुलांस व तरुणांस, नेत्राच्या मध्यपटलाचा शोथ होतो. बहुधा दोन्ही डोळ्यांस. त्या जिवाणूविरुद्ध जागृत झालेली प्रतिकारशक्तीच येथे दाहास कारण होते, असे मानले जाते. विकार विरळा आहे. म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

साथीत चिकट स्राव, खाज व खुपणे असते. येथे स्राव नसतो. प्रकाश सोसवत नाही, डोळा आतून ठणकतो, दृष्टी धूसर होते, लाली बुबुळाभोवती दाटते. विलंब झाल्यास बाहुली मागील भिंगास चिकटते. पुढे काचबिंदू वा मोतीबिंदू उद्भवतो. अभिष्यंदाची उपेक्षा केल्यास अधिमंथ होतो आणि तो मोजक्या दिवसांत दृष्टी हरण करतो, हा सुश्रुताचार्यांचा उत्तरतंत्रातील इशारा येथे स्मरावा.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती, की चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. या शोथात तेच उपयोगी पडतात हे खरे. परंतु नागिणीच्या विषाणूने बुबुळावर व्रण झाला असल्यास तेच घातक ठरतात. हा भेद नेत्रतज्ज्ञाच्या यंत्रानेच कळतो. वैद्यांनीही अशा डोळ्यात निदानापूर्वी अंजन वा तर्पण योजू नये.

मुरूड-म्हसळ्याच्या रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो आपल्याच दारी थांबतो. यास्तव 'महिन्याभरात घसा दुखला होता काय?' हा एक प्रश्न आपण विचारावाच. उत्तर होकारार्थी असून वेदना व धूसरता असल्यास त्याच दिवशी त्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात वा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे, सोबत घशाचा पूर्वेतिहास लिहून द्यावा. सांधेदुखी, धाप व लघवीचा बदललेला रंग यांचीही चौकशी करावी. याच संसर्गानंतर हृदय व वृक्कही बाधित होऊ शकतात. रुग्ण वेळेवर पुढे पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग होय.