सेल्फ कुठला घ्यावा?

घाईच्या वेळी गाडी सुरू झाली नाही, की घरात तीन मते तयार होतात. यजमान म्हणतात, बॅटरी गेली. चिरंजीव म्हणतात, सेल्फ गेला. आणि गृहिणी म्हणतात, आता ही गाडीच गेली पाहिजे! गाडी जितकी जुनी, तितके तिसरे मत वजनदार. पण हे मत मंजूर करण्याआधी वाचकांनी थोडे सबुरीने घ्यावे, एवढ्यासाठी आजचा हा मजकूर.

पुस्तकात ज्याला स्टार्टर मोटार म्हणतात, त्याला आपली गॅरेजवाली मंडळी ‘सेल्फ’ म्हणतात, आणि मीही तेच म्हणेन. हा सेल्फ आला कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवली होती. गल्ला उघडायला जोर लागतो, पण क्षणभरच. तेव्हा लहान मोटारीकडून क्षणभर दांडगे काम करून घेता येते, हे त्याला ठाऊक होते. तीच युक्ती त्याने मोटारगाडीला लावली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या हँडल न मारता सुरू होऊ लागल्या. त्यापूर्वी हँडल उलटे फिरून मनगटे मोडत.

माझ्या मामांकडे, साताऱ्याजवळच्या गावी, १९५१ सालचा विलीजचा पिकअप आहे. हे पिकअप अमेरिकेत १९४७ ते १९६५ पर्यंत निघत होते. पुढच्या नि मागच्या चाकांमधले अंतर ११८ इंच, म्हणजे जीपचेच लांबवलेले भावंड. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना हे इंजिन घरच्यासारखे. मामी लग्न होऊन घरी आल्या त्या याच पिकअपमधून. गेली काही वर्षे त्याचा सेल्फ कुरकुरत होता आणि मामा हँडल मारून वेळ निभावत होते. यंदा डॉक्टरांनी हँडल मारायची साफ मनाई केली. झाले! मामेभावाने भंगारवाल्याला बोलावून किंमतही करवली. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भंगारवाल्याला चहा मिळाला नाही.

मामांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “अरे, बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा व्होल्टचा सेल्फ आण. त्यात पाहायचंय काय?”

“मामा, आधी सेल्फच गेलाय का, ते पाहू द्या,” मी म्हटले.

ही पहिली पायरी बहुतेक लोक गाळतात. हेडलाइट लावावेत आणि सेल्फ मारावा. दिवे एकदम विझू विझू झाले, तर बॅटरी दुबळी, नाहीतर सेल्फ वा इंजिन जाम. दिवे ढळढळीत राहिले आणि कसलाच आवाज नाही, तर स्विच किंवा वायर पाहावी. नुसता ‘कट्’ आवाज आला, तर स्विचच्या आतले संपर्क किंवा सेल्फमधले कार्बन झिजलेले असतात. मग व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या खुंटीवर, दुसरी सेल्फच्या खुंटीवर धरून सेल्फ मारायला लावावा. काटा अर्ध्या व्होल्टापलीकडे गेला, तर वीज वाटेतच गळते आहे. दोष वायरीचा, शिक्षा सेल्फला. अर्थची पट्टीही अशीच तपासावी. गंजलेल्या पट्टीपायी चांगले सेल्फ भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

मामांच्या गाडीत मात्र वायरी ठणठणीत निघाल्या. सेल्फ खोलला तर आर्मेचर जळालेले. म्हणजे नवा घेणे आले. पण कुठला?

आता खरी गोम ऐका. ही गाडी जन्मतः सहा व्होल्टची. मधल्या काळात कुणीतरी बॅटरी, डायनॅमो, दिवे बदलून ती बारा व्होल्टची केली. पण फ्लायव्हीलभोवतीचे दातेरी कडे, ज्याला रिंग गिअर म्हणतात, ते कोण बदलतो? त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. विलीजच्या या चार सिलिंडरी इंजिनांवर तीन तऱ्हेची कडी येत: ९७ दातांचे, १२४ दातांचे, आणि पुढे बारा व्होल्टच्या गाड्यांवर १२९ दातांचे. सेल्फचा लहान गिअर ज्या कड्यासाठी कापलेला, त्याच कड्याला तो नीट भिडतो. बोल्टांची भोके जुळली म्हणून दात जुळतील असे नाही. पुण्याला नाना पेठेत एका दुकानदाराने ‘बारा व्होल्ट’ एवढे ऐकताच फळीवरचा सेल्फ काढून पुढे ठेवला. दात किती, हे त्याने विचारले नाही आणि मी तो घेतला नाही.

दात मोजणे अवघड नाही. बॅटरीची तार सोडावी, गाडी न्यूट्रलला घालावी, चाकांना दगड लावावेत, प्लग काढावेत म्हणजे इंजिन हलके फिरते. सेल्फच्या भोकातून दिसणाऱ्या एका दातावर खडूची खूण करून, हँडलने सावकाश फिरवत खूण परत येईपर्यंत मोजावे. आम्ही दोनदा मोजले. मामेभाऊ हँडलवर, मी बॅटरी घेऊन आडवा. दोन्ही वेळा १२४ भरले. मोजताना दातांची झीजही पाहून घ्यावी. चार सिलिंडरचे इंजिन थांबताना बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबते, म्हणून तिथलेच दात खाल्ले जातात. फारच खाल्ले असतील तर कडे तापवून काढून पाव फेरा फिरवून बसवतात. चांगले दात पुढे येतात.

तर मागणी अशी झाली: बारा व्होल्टची वीज, पण १२४ दातांची जोड. यावर मुलांनी नवा रिडक्शन गिअरचा सेल्फ सुचवला. तो आकाराने लहान, ताकदीला उत्तम, वीजही कमी खातो. पण तोही नेमक्या कड्यासाठी बनलेला मिळाला तरच घ्यावा. शिवाय असल्या पुष्कळ सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात. जुन्या सेल्फच्या बॅटरीच्या तारा उलट्या झाल्या तरी तो त्याच बाजूला फिरतो, कारण त्याची दोन्ही वेटोळी एकदम उलटतात. चुंबकाचा मात्र उलटा फिरतो. विलीजला ही अडचण नाही, पण जुन्या फोर्ड पिकअपांचे आणि कित्येक विलायती गाड्यांचे अर्थ पॉझिटिव्ह असत. ते बाळगणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

जुन्या सेल्फवर सरळ बारा व्होल्ट सोडणारेही आहेत. फिरतो झोकात! पण प्रत्येक वेळी गिअर कड्यावर घण घातल्यासारखा आदळतो, आणि वाचवलेले पैसे पुढे गिअरबॉक्स उतरवण्यात जातात.

आम्ही जुनेच कवच आणि जुनाच पुढचा भाग ठेवला. साताऱ्याच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडून आतली वेटोळी आणि आर्मेचर बारा व्होल्टचे करून घेतले, बुश आणि कार्बन नवे घातले. चार दिवस लागले. टेबलावर फिरवून दाखवल्याशिवाय सेल्फ ताब्यात घ्यायचा नाही, हे मामांनी त्याला दोनदा बजावले.

बसवताना एक सांभाळावे. बेंडिक्सला, म्हणजे गिअर पुढे सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याला, ग्रीस फासू नये. धूळ बसून ते चिकटते आणि गिअर मध्येच अडकतो. रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडा पुसावा. आणि सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नये. इंजिन लागले नाही तर मिनिटभर थांबावे. मामेभावाला हे पटते, पण त्याच्या पायाला नाही, म्हणून हल्ली सेल्फ मारताना मामी शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजतात.