आकडे मोफत, अर्थ ज्याचा त्याने लावावा?

पूर्वपक्ष असा. कौटुंबिक पाहणीचा डेटा एकदा संकेतस्थळावर ठेवला की पाहणी करणाऱ्याचे काम संपले. सोबत प्रश्नावली आहे, कोडबुक आहे, फाइल उतरवून घ्यायला दमडी पडत नाही. मग संशोधकांना तो डेटा समजावून सांगायला माणसे नेमायची, कार्यशाळा भरवायच्या, शंकांना उत्तरे देत बसायचे, हा पैशाचा चुराडा आहे. ज्याला डेटा वाचता येत नाही त्याने संशोधनात पडूच नये. शिवाय मदत करणारा आपले मत हळूच संशोधकाच्या कानात सोडतो आणि निष्कर्ष बाटतो. आणि आता तर हे सगळे यंत्रेच करणार आहेत. एका विद्वानांनी अलीकडे एका चर्चासत्रात हे मत मांडले आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निधी मंजूर करणारे दोघे-तिघे होते, म्हणून हा लेख. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढे म्हणून गप्प बसलो असतो.

पूर्वपक्षाला आधी एक साधी गोष्ट सांगायला हवी. सगळ्या पाहण्या एका जातीच्या नसतात. राष्ट्रीय नमुना पाहणीची उपभोगखर्चाची फेरी दर वेळी नवी घरे निवडते. तिथे कोष्टके मांडून सरासरी काढणाऱ्याचे बरेचसे भागते. पण त्याच घरांत वर्षांमागून वर्षे जाऊन विचारपूस करणारी पाहणी वेगळी. तिथे घर हाच धागा असतो आणि तो धागा मधेच तुटतो, दुभंगतो, दुसऱ्याच धाग्यात अडकतो. आपल्याकडचे जुने आणि जगभर वापरले गेलेले उदाहरण म्हणजे इक्रिसॅट या कृषिसंशोधन संस्थेचा गावपातळीवरचा अभ्यास. तो १९७५ साली सुरू झाला तेव्हा निवडलेल्या सहा गावांपैकी चार आपल्या महाराष्ट्रातली होती : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेड. उरलेली दोन, औरेपल्ली आणि डोकूर, आजच्या तेलंगणातली. प्रत्येक गावातली ४० घरे निवडलेली. अन्वेषक गावातच मुक्कामाला राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, उधारी, जेवणखाण सगळे टिपून घेत. या गावांच्या आकड्यांवर जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत प्रबंध झाले. ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी शिरापूरची एसटी पकडली असेल, याचा हिशेब मांडायला पूर्वपक्षकारांना सांगावे असे वाटते. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर शेळ्या कुठे आहेत हे सांगणारा कुणीतरी खाली लागतोच.

आता मुख्य मुद्दा. पूर्वपक्ष म्हणतो, पहिल्या फेरीतले घर आणि दुसऱ्या फेरीतले घर क्रमांकाने जुळवा, झाले. घर क्रमांकाने जुळत नाही, महाराज. पाहणीत कुटुंब म्हणजे साधारणपणे एका चुलीवर जेवणारी माणसे. आणि चूल ही काही कायमची गोष्ट नव्हे. बारा एकरांचा बाप, तीन मुलगे, दोन फेऱ्यांच्या मधे वाटण्या झाल्या. आता तीन घरे आहेत आणि प्रत्येकाकडे चार एकर. जुना क्रमांक त्यांपैकी कुणाला मिळाला? त्याचा नियम क्षेत्रकामाच्या पुस्तिकेत असतो, डेटाच्या फाइलीत नसतो. ज्याने तो नियम वाचला नाही, तो जुन्या क्रमांकाचे घर उचलतो, बाराचे चार एकर झालेले पाहतो आणि 'अल्पभूधारकांची घसरण' या विषयावर लेख लिहितो. घसरण झालेलीच नसते, वाटण्या झालेल्या असतात. उलट प्रकारही आहेत. शिधापत्रिका वेगळी, पण चूल एकच. चूल वेगळी, पण सातबारा अजून वडिलांच्या नावावर, म्हणून तीच जमीन दोन घरांत मोजली जाते किंवा एकाही घरात नाही. इक्रिसॅटच्या गावांत १९८५ नंतर मोठा खंड पडला आणि २००१ मध्ये तिथे पुन्हा काम सुरू झाले. तोवर एक पिढी खपली होती आणि दुसरी वेगळी राहू लागली होती. त्या दोन काळांना जोडणारा पूल आकड्यांचा नाही, वंशावळीचा आहे. तो बांधून देणारा माणूस पूर्वपक्षाच्या हिशेबात 'अनावश्यक खर्च' आहे.

पण वाटण्या निदान दिसतात. त्याहून मोठा घोळ मुलींचा आहे आणि तो दिसतच नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षण घ्या. २००४-०५ च्या फेरीत ४१,५५४ घरे होती, १,५०३ गावे आणि ९७१ शहरी वस्त्यांमधली. २०११-१२ च्या फेरीत ४२,१५२. नवशिका हे दोन आकडे पाहतो आणि समजतो की कुणीच गळले नाही, उलट थोडी भरच पडली. प्रत्यक्षात जुन्या घरांपैकी सुमारे ८३ टक्के पुन्हा सापडली. बाकीची भर त्याच गावात वेगळ्या झालेल्या चुलींनी आणि नव्याने घेतलेल्या घरांनी घातली. शहरांत गळती खेड्यांपेक्षा बरीच अधिक होती, कारण भाडेकरू सात वर्षे एका खोलीत राहत नाहीत. इथवर ठीक. आता त्या घरांतली माणसे जुळवायला बसा. पहिल्या फेरीत चौदा वर्षांचा असलेला मुलगा दुसऱ्या फेरीत एकवीस वर्षांचा होऊन त्याच घरात बसलेला सापडतो. त्याची बहीण सापडत नाही. तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या गावी गेली, आणि सर्वेक्षणाचा नियम त्याच गावात वेगळ्या झालेल्या घरांचा माग काढण्याचा होता, सासरी गेलेल्या लेकींचा नव्हे. तिच्या जागी घरात सून आली, पण सून पहिल्या फेरीत नव्हती, म्हणून तीही जुळत नाही. म्हणजे दोन्ही फेऱ्यांत जुळलेल्या माणसांचीच फाइल बनवली तर त्यातून तरुण बायकाच गळतात. लेक गेली म्हणून, सून नवी म्हणून.

त्यातून ज्या मुली जुळतात त्या कोण? ज्यांची लग्ने अजून झाली नाहीत त्या. म्हणजे बहुधा शिकत राहिलेल्या. आता या फाइलीवर पूर्वपक्षाचा स्वयंपूर्ण संशोधक बसतो आणि त्याला आढळते की सात वर्षांपूर्वी शाळेत असलेल्या मुलींपैकी विवाहित फार थोड्या आहेत आणि शिक्षण घेणाऱ्या भरपूर. बालविवाह संपत आल्याचा शोध लागतो. गणित चोख असते, प्रमाणदोष दशांशापर्यंत काढलेला असतो. फक्त ज्यांची लग्ने झाली त्या मुली मोजणीत नसतात. गंमत अशी की त्याच सर्वेक्षणात पहिल्या फेरीतल्या माणसांचे पुढे काय झाले, मेले, लग्न होऊन गेले की बाहेर गेले, हे टिपणारी स्वतंत्र फाइल आहे. ती आहे आणि ती कशाला आहे, हे सांगणारे माणूस हवे, एवढेच आमचे म्हणणे. पूर्वपक्ष म्हणेल, यादीत तिचे नाव आहेच की. आहे. मुख्य मेजवानी समोर असताना यादीच्या तळाशी कोण जातो?

आणि या हरवलेल्या लेकी किरकोळ नाहीत. इक्रिसॅटच्याच गावांच्या आकड्यांवर मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवले की दूरच्या गावी लेकी देणाऱ्या घरांचा खाण्यापिण्याचा खर्च वाईट वर्षांतही कमी हेलकावतो. आपल्या गावात पाऊस बुडाला तरी व्याह्याच्या गावात तो झालेला असतो. म्हणजे जिला संशोधक 'गहाळ नोंद' म्हणून पुसून टाकतो, तीच त्या घराचा विमा होती. गाव सोडून गेलेल्यांचा माग काढला तर काय दिसते, हे टांझानियातल्या कागेरा भागात दिसले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलेल्या माणसांना २००४ मध्ये जिथे गेले तिथे जाऊन गाठले, तेव्हा बाहेर पडलेल्यांच्या उपभोगाची वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्केबिंदूंनी जास्त निघाली. मागे राहिलेल्यांनाच विचारून थांबले असते तर ही वाढ कधीच दिसली नसती. सापडतात त्यांनाच मोजायचे आणि वर 'आकडे बोलतात' म्हणायचे, हे कसले संशोधन?

बाकीचे मुद्दे झटपट. इक्रिसॅटच्या प्रत्येक गावात १० भूमिहीन, १० लहान, १० मध्यम, १० मोठे शेतकरी घेतले होते. गावात हे वर्ग समसमान नसतात, म्हणून भारांक न लावता काढलेली सरासरी ही कुठल्याच गावाची सरासरी नव्हे. अन्वेषकाने २.३० लिहिले आणि त्याला दोन एकर तीस गुंठे म्हणायचे असेल, तर ते पावणेतीन एकर झाले, सव्वादोनच्या आसपास नव्हे. सात वर्षांनी माणसाचे वय नोंदीत कधी कधी पाचनेच वाढते, कारण वय सांगताना पाच-दहाचे आकडे तोंडात बसलेले असतात; म्हणून तो माणूस दुसरा ठरत नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कंझऱ्याच्या त्या वर्षांतल्या मजुरीच्या आलेखापुढे विस्मयचकित होऊ नये. निष्कर्ष बाटण्याची भीती असेल, तर अज्ञानाने बाटलेला निष्कर्ष कसा चालतो तेही सांगा. आणि यंत्रांचे म्हणाल तर, चुकीची फाइल जोडायला माणसाला एक दुपार लागते, यंत्राला क्षण. प्रगती झाली खरी.

इथे एक जुने भांडण आठवते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरच्या खर्चासाठी गेल्या ७ दिवसांचाही प्रश्न होता आणि ३० दिवसांचाही, एकाच घराला, एकाच बैठकीत. एका उत्तराने दुसऱ्यावर छाया टाकली आणि १९९३-९४ शी सरळ तुलना करणे अशक्य झाले. मग दारिद्र्य घटले की नाही यावर वर्षानुवर्षे रण माजले. एका बाजूला आर्थिक सुधारणांचे भाट, दुसऱ्या बाजूला सुधारणांचे वैरी. दोन्हीकडच्या कित्येकांनी प्रश्नावलीचे ते पान उघडले नव्हते, अशी माझी तेव्हाही समजूत होती आणि अजून बदललेली नाही. ज्यांनी उघडले त्यांनी सुधारित अंदाज काढले आणि ते निमूटपणे पुढच्या कामाला लागले. त्यांना टाळ्या पडल्या नाहीत. हा विषय दीर्घकालीन पाहणीचा नव्हे, हे मला कळते. पण 'सगळे कागद उपलब्ध होते' हे त्याही वेळी खरे होते, आणि तेवढ्याने काही भागले नाही.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांच्या इक्रिसॅटच्या आकड्यांवरच्या १९९४ च्या प्रसिद्ध लेखाचेही तसेच. औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांत घराचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलतो, म्हणजे गाव एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेते, असा निष्कर्ष. १९९७ मध्ये त्यावर उत्तर आले, ते उपभोग कसा मोजला यावरच बोट ठेवणारे. वाद संशोधकांच्या बुद्धीचा नव्हता, धान्याच्या नोंदी कशा झाल्या याचा होता. त्या नोंदींची कथा ज्याला ठाऊक, त्याला विचारल्यावाचून हा वाद पुढे सरकत नाही.

मग आमचे मंडन काय? ते फार मोठे नाही आणि मोठे असण्याची गरजही नाही. प्रश्न ज्या भाषेत विचारला गेला ती प्रश्नावली जपावी. मराठीत विचारलेल्या प्रश्नाचा इंग्रजी तर्जुमा हा पुरावा नव्हे. कुठल्या घरातून कुठले घर निघाले, कोण गेले, कोण आले, याचा नकाशा डेटाबरोबरच द्यावा, प्रत्येक संशोधकाला तो नव्याने रचायला लावू नये. क्षेत्रकाम केलेल्यांपैकी एक-दोन माणसे पगारावर ठेवावीत, त्यांना शंका विचारता याव्यात, आणि विचारलेली शंका व दिलेले उत्तर सर्वांना वाचता यावे. म्हणजे कानात मत सोडल्याचा आरोपही उरत नाही. वापरणाऱ्याला चूक सापडली तर ती मूळ डेटात दुरुस्त व्हावी आणि दुरुस्तीची तारीख नोंदली जावी. आणि ४० घरांच्या नमुन्यात 'मोठा शेतकरी, विहीर दोन, मुलगा शिक्षक' एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, हे नवख्याला बजावणारे कुणीतरी हवे. ज्याने विश्वासाने आपली उधारी सांगितली त्याच्याशी एवढे इमान राखायला हवे.

खर्चाचे विचाराल, तर अन्वेषकांना वर्षानुवर्षे गावात ठेवण्याला जे लागले त्यापुढे दोन माणसांचा पगार ही रक्कम नव्हे. तरीही ज्यांना मदत नकोच आहे, त्यांच्यावर ती लादू नये. त्यांनी फक्त आपल्या लेखाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी छापाव्यात : जुळली नाहीत म्हणून किती घरे टाकली, फुटलेल्या घरांपैकी कुठले धरले आणि का, आणि पहिल्या फेरीतल्या मुली दुसऱ्या फेरीत कुठे गेल्या. ही तीन उत्तरे ज्याला कुणालाही न विचारता देता येतात, त्याच्यापुढे हा लेख मागे घ्यायला मी तयार आहे. देता येत नसतील, तर पुढच्या निधीच्या बैठकीत त्याने हात वर करू नये.