कागदाचा नकाशा आणि मदतीचे ज्ञान

संकटकाळी अन्नवस्त्राची मदत पुष्कळ जमते. परंतु ती कोणत्या वाटेने न्यावयाची, हे ज्ञान दुर्मिळ असते. संगणकाची सोय केली म्हणजे हे ज्ञान आपोआप गोळा होते, असा समज आज रूढ आहे. माझे मत निराळे आहे. जाणत्या माणसाच्या हाती प्रथम एखादी मूर्त वस्तू द्यावी लागते.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा पुरेसा नकाशा उपलब्ध नव्हता. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते रेखून 'ओपनस्ट्रीटमॅप' हा सर्वांस खुला नकाशा थोड्याच दिवसांत पुष्कळसा भरून काढला. तथापि गल्लीचे नाव आकाशातून दिसत नाही. ते रहिवाशालाच ठाऊक असते.

या अडचणीवर 'वॉकिंग पेपर्स' ही साधी युक्ती निघाली होती. नकाशाचा भाग कागदावर छापावयाचा, त्यावर लेखणीने नावे व खुणा लिहावयाच्या आणि त्याची प्रतिमा संगणकावर चढवावयाची. कागदावरील सांकेतिक चौकोनावरून तो भाग कोठला हे संगणक ओळखतो. मग स्वयंसेवक ती माहिती मूळ नकाशात उतरवितात. २०१४ साली रेड क्रॉसच्या ब्रिटिश व अमेरिकन शाखा, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' इत्यादी संस्थांनी आरंभिलेल्या 'मिसिंग मॅप्स' उपक्रमातही दूरस्थांनी रेखाटावे आणि स्थानिकांनी नावे भरावीत, हीच विभागणी आहे.

मुठीत वानगी घेतल्यावाचून आपण धान्याचा भाव बोलत नाही. तद्वतच समोर कागद पसरला म्हणजे चार माणसे भोवती जमतात, एकमेकांची चूक सुधारतात आणि बोलू लागतात. फोनवर थेट नोंद अधिक जलद होते, हे खरे; परंतु ज्यांस सर्वाधिक ठाऊक, त्यांपैकी पुष्कळांस फोनवर लिहिणे जड जाते. मात्र कागद कपाटात राहिला तर व्यर्थ. रोजकीर्दीतील रक्कम खतावणीत न चढविल्यासारखेच ते होय.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगली, कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांतील असंख्य गावे वेढली. अशा वेळी कोणती वाट पाण्यावर राहते, कोणते गोदाम उंचावर आहे, हे आपले हमाल, गाडीवान व वृद्ध दुकानदार जाणतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी संघाने प्रत्येक पेठेचा नकाशा छापून कार्यालयात मांडावा, जाणत्यांकडून भरून घ्यावा आणि घरच्या तरुणांनी त्याच सायंकाळी तो संगणकावर चढवावा. खर्च अल्प आहे. पण हे ज्ञान वृद्धांबरोबर गेले, तर ते पुन्हा विकत मिळणार नाही.