पट्टा, दिवा आणि लघुशंका

२१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवरून जात होतं. पट्ट्याचा दिवा लागला आणि अवघ्या आठ सेकंदांत विमानाला असा हिसका बसला की पट्टा न बांधलेली माणसं छताला जाऊन धडकली. ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. त्यानंतर कंपनीने दिवा लागलेला असताना जेवणही वाढायचं नाही, असा नियम केला.

म्हणजे दिव्याला मान द्यायलाच हवा. पण तोच दिवा तासभर संथ हवेतही तसाच जळत राहिला, तर? प्रोस्टेटने बेजार आजोबा घड्याळ बघत, गुडघे जुळवून बसलेले असतात. शेजारी गरोदर बाई. धीर करून उठावं, तर हवाई सुंदरी सगळ्यांदेखत दटावते. आजोबा ओशाळून परत बसतात. शरीराला नियमपुस्तिका वाचता येत नाही हो!

वैमानिक दिवा विसरतात किंवा ‘असू दे, सुरक्षित’ म्हणून ठेवतात, आणि प्रवासी त्याला किंमत देईनासे होतात. हवा निवळली की दिवा विझवावा. विझवता येत नसेल तर अजून किती वेळ, ते मायक्रोफोनवरून सांगावं. एवढं कळलं, तर आजोबा तेवढा वेळ कळ काढतील. आणि बसल्या जागी पट्टा सैलसर का होईना, दिवा नसतानाही बांधलेला असू द्यावा.