२४ लाखांचा हिशोब : मुलीचा किती, काकाचा किती?

हैदराबादेत बँकेत नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप अंगवळणी पडतात. एक दखनी बोली, दुसरी वाटणीची गणितं. आपल्या काचीगुडा, सुलतान बाजारकडच्या मराठी घरांत अजून समज आहे की मुसलमानांचा वारसा कायदा एकच. तसं नाहीये. सुन्नी घर आणि शिया घर, नाती तीच, रक्कम तीच, पण हिस्से वेगळे.

साधा हिशोब मांडतो. एक गृहस्थ वारले. मागे बायको, एकुलती एक मुलगी आणि सख्खा भाऊ. अंत्यविधीचा खर्च, कर्ज, मेहर वगैरे सगळं देऊन २४ लाख उरले. सुन्नी हनफी कायद्यानं बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. मुलीला अर्धा, म्हणजे १२ लाख. उरलेले ९ लाख भावाला. या उरलेल्याच्या वारसाला 'असबा' म्हणतात, म्हणजे मुख्यतः बापाच्या बाजूचे पुरुष नातेवाईक. ठरलेले हिस्से आधी द्यायचे, शिल्लक यांना.

शिया कायद्यात ही असबाची वेगळी रांगच नाही. तिथे रक्ताच्या नात्याचे तीन वर्ग. पहिल्यात आईबाप आणि मुलंबाळं, दुसऱ्यात आजी-आजोबा आणि भावंडं, तिसऱ्यात काका, मामा, आत्या, मावशी. वरच्या वर्गात एक जरी माणूस असला तरी खालच्याला काही नाही. नवराबायको मात्र कुठल्याही वर्गाबरोबर घेतात. म्हणजे त्याच २४ लाखांत बायकोचे ३ लाख, आणि बाकी २१ मुलीचे. भाऊ रिकाम्या हातानं घरी.

मुलीचा मुलगा आणि सख्खा भाऊ एवढेच मागे राहिले, तर फरक आणखी मोठा. सुन्नी कायद्यात सगळं भावाला, नातवाला शून्य. शियांत बरोबर उलटं.

आता माझं मत. सुन्नी पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यामागे विचार होता. ज्यानं शिल्लक घ्यायची, त्यानंच त्या घरातल्या पोरीबाळींना सांभाळायचं. अधिकाराबरोबर जबाबदारी. अडचण अशी की आजचा काका कुठल्या तरी दूरच्या गावी, भावाच्या आजारपणात एक फोनसुद्धा नाही, आणि हिस्सा मात्र शाबूत. जबाबदारी गेली, शिल्लक तेवढी राहिली. माझ्या मते इथे मुलीवर अन्याय होतो.

हे फक्त मी म्हणतोय असं नाही. ट्युनिशियानं १९५९ सालीच कायदा बदलून अशा वेळी मुलीला भावाच्या पुढे बसवलं. केरळात वकील सी. शुक्कूर यांना तीनही मुलीच. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं २०२३ साली ८ मार्चला स्पेशल मॅरेज ॲक्टखाली आपलं लग्न पुन्हा नोंदवलं, म्हणजे वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं जाईल आणि मुलींच्या वाट्यात भावांचा हिस्सा येणार नाही. घरातल्या घरात काढलेला सरळ मार्ग.

ज्यांना तेवढं नको, त्यांनी हयातीत हिबा करावा, म्हणजे बक्षीस. मृत्युपत्रावर एक तृतीयांशची मर्यादा आहे, आणि सुन्नींमध्ये वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हिब्याला अशी मर्यादा नाही. फक्त ताबा खरोखर द्यावा लागतो. ठेव मुलीच्या नावावर वळती करा, "नंतर तुझंच आहे" म्हणून भागत नाही.

आणि नॉमिनी टाकला म्हणजे काम झालं, हा भ्रम सर्व धर्मांत सारखा. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, वारसांचा हक्क मात्र तसाच राहतो. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे.

आपण हिंदूंनीही फार ताठ मानेनं बोलू नये. मुलीला मुलाच्या बरोबरीनं वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळायला आपल्याकडेही २००५ साल उजाडावं लागलं, आणि हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेणारे भाऊ आजही घरोघरी आहेत.

तेव्हा शेजारच्या खानसाहेबांना फक्त मुली असतील तर वाद घालू नका. चहा पाजा, हा हिशोब दाखवा आणि चांगल्या वकिलाकडे पाठवा. हातपाय चालतात तोवर केलेली सही कामाची.