आय-सेव्हनचा सोस

२०२५च्या मे महिन्यात अकोल्याहून बाबांचा फोन. घरचा जुना डबा विंडोज ११ घेईना, आणि विंडोज १०चा आधार ऑक्टोबरात संपणार होता. म्हणून टीव्हीशेजारी मावेल असा छोटा कॉम्प्युटर असेंबल करायचा ठरलं. दुकानदाराने कोटेशन दिलं: आय-सेव्हन, सेकंड हँड, "कंडिशन एकदम ए-वन". बाबा खूश. मी म्हटलं, बाबा, साधा प्रोसेसर पुरेल की. तर म्हणाले, "अरे, तू जर्मनीत डॉक्टरेट केलीस आणि घरात साधा प्रोसेसर? बरं दिसतं का ते?"

मंडळी, माझं भांडण या 'बरं दिसतं का'शी आहे.

मी मॉडेल नंबर विचारला. आय-सेव्हन ७७००. म्हणजे २०१७ सालचा, सातव्या पिढीचा. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर सहसा आठव्या पिढीपासून सुरू होतात! म्हणजे ज्या दुखण्यासाठी जुना डबा काढायचा, तेच दुखणं पैसे मोजून परत घरात आणायचं. २०२२ साली आलेल्या आय-थ्री १२१००लाही तेवढेच चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि वेगात तो या म्हाताऱ्या आय-सेव्हनला मागे टाकतो. 'थ्री' आणि 'सेव्हन' हे एकाच पिढीतले मानपान आहेत. पिढी न विचारता आकडा विचारणं म्हणजे साल न विचारता गाडी घेणं.

बरं, घरात काम काय? आईचे यूट्यूबवरचे कार्यक्रम, बाबांचं बँकेचं काम, आणि रविवारी नातीशी व्हिडिओ कॉल. मी ऑफिसात दिवसभर हवेच्या प्रवाहाची सिम्युलेशन्स चालवतो. तिथे कितीही कोअर द्या, कमीच पडतात. पण व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळं सर्किट असतं. यूट्यूब वापरतं त्या एव्ही१ प्रकारासाठी ते ७७००मध्ये नाही. २०२३मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या चिमुकल्या एन१००मध्ये आहे.

आणि उष्णता? त्याचा विचार कोणी करतच नाही. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ७७०० कागदावर ६५ वॅटचा, एन१०० ६ वॅटचा (जोर लावला तर जास्त खातो, कबूल). अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास. खोलीत ३८, छोट्या कॅबिनेटमध्ये त्याहून वर. तिथे मोठा प्रोसेसर कोंबला की पंखा कोकलणार, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करणार, आणि तुम्ही ज्याचे पैसे मोजले तो वेग कॉलच्या ऐन मध्यात गायब! वीज गेली तर इन्व्हर्टरवरही भार जास्त.

"पण पुढे लागेल ना!" हे एक ठरलेलं वाक्य. आपल्याकडे पाहुण्यांसाठीचा डिनर सेटही पुढे लागतो म्हणूनच वीस वर्षं कपाटात असतो. प्रोसेसर कपाटात ठेवला की जुना होतो, इतकाच फरक. त्यापेक्षा ते पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. जुना कॉम्प्युटर रडत होता तो बहुधा हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नव्हे. २०२५च्या अखेरीस रॅम महागली, त्यामुळे हे आता आणखीच खरं.

एन१०० काही सर्वगुणसंपन्न नाही. तो बोर्डावरच डकवलेला येतो, पुढे बदलता येत नाही. रॅमची वाट एकेरी. घरात गेम खेळणारं किंवा व्हिडिओ एडिट करणारं पोर असेल तर आय-थ्री १२१०० किंवा रायझन ५ ५६००जी घ्या. फक्त इंटेलच्या नंबरापुढे 'एफ' दिसला तर सावध! स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. छोट्या कॅबिनेटमध्ये वेगळं कार्ड कुठे कोंबणार?

असो. शेवटी बाबा एन१००ला तयार झाले, १६ जीबी रॅम आणि एसएसडीसह. दुकानदाराने "साहेब, यावर आय काहीच लिहिलेलं नाही" असं दोनदा बजावलं म्हणे. नात आता स्पष्ट दिसते आणि पंख्याचा आवाज येत नाही. शेजारच्या काकांना मात्र बाबांनी सांगितलंय की मुलाने जर्मनीहून खास पाठवलाय.