पार्कात जेवावे कुठे?

मोहन नगरातल्या मराठी घरांना भिलाईची १९७२ सालची मैत्री बाग जवळची. पांढरे वाघ पाहून जेवायला घरी परतता येते. सुट्टीत महाराष्ट्रात आल्यावर खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे, तर सारा दिवस तिथेच जातो आणि घरचा डबा आत चालत नाही. तेव्हा उपाहारगृह निवडताना पाटीचा थाट पाहू नये. मुले बर्गरच मागणार! पण आजीला गरम वरणभात हवा, टेकायला खुर्ची हवी. बुफेचा माणशी दर आधीच विचारावा. चार घास खाणाऱ्या मुलाचे पूर्ण ताट महाग पडते. गर्दी व्हायच्या आत, साडेअकरालाच जेवून घ्यावे. आणि नायट्रोच्या उलट्यासुलट्या गिरक्या? त्या जेवणाआधीच उरकाव्यात.